छान म्हणायचं न्हाई!

कारेगावात खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी मला कंपनी कुठली, गाव कुठलं, लग्न झालंय का, यातलं काहीच विचारलं नाही. पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तोंडावर वाईट बोलता येतं का तुम्हाला?"

मला खोलीची गरज होती. रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी लागून आठ दिवस झाले होते आणि मी एका मित्राच्या खोलीत चार जणांत पाचवा म्हणून आडवा होत होतो. "येतं की," मी म्हणालो.

"मग बोला."

मी इकडंतिकडं बघितलं. "तुमच्या घराचा रंग अगदी भंगार आहे."

म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला की मीच दचकलो. "ऐकलं का?" त्यांनी घरात तोंड करून हाक दिली. "तू पसंत केलेला रंग भंगार हाय! वरची खोली ह्यांना द्यायची!" आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि खोली माझी झाली.

त्या घरात मी दोन वर्षं काढली. पहिल्या पाच मिनिटांत जे खरं बोललो ते बोललो. त्यानंतर मी त्यांच्याशी सतत खोटं बोललो, आणि तेही एका शब्दाचं.

सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. तीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम केलं होतं. मोजमापाचं व्हर्निअर रिटायर झाल्यावरही खिशात पेनाशेजारी असायचं. शिरूरच्या स्टँडवर त्यांनी वडापाववाल्याचा वडा मोजून "कालच्यापेक्षा तीन मिलिमीटर कमी" असं त्याला सांगितलेलं मी पाहिलंय. काकू भाकरी वाढताना ताट मुद्दाम लांब धरायच्या, कारण एकदा त्यांनी भाकरीची जाडी चार ठिकाणी मोजून सरासरी काढली होती. त्या दिवशी आप्पांनी कोरडे पोहे खाल्ले.

पण हे सगळं वरवरचं. आप्पांचा जीव अडकला होता तो एका खेळात. हा अंतराळातल्या लढाईचा खेळ होता, टेबलावर मांडून दोघांनी खेळायचा, आणि तो त्यांनी स्वतः बनवला होता. पट म्हणजे कुणाच्या तरी वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू. त्यावर एका मोठ्या नटाभोवती पेन्सिल फिरवून पाचशे षटकोनी घरं काढलेली. यानं भंगारातल्या बोल्ट, वॉशर, स्पार्क प्लगांची. मधोमध स्टीलची वाटी उपडी घातलेली, तो चंद्र. फासे टाकायचे, यान हलवायचं, समोरच्यावर गोळा सोडायचा. मुख्य गंमत अशी की अंतराळात ब्रेक नसतो. यान एकदा सुटलं की सुटलं, त्याला वळवता येतं, थांबवता येत नाही. नियमांचा कागद सतरा पानांचा होता. काकू म्हणायच्या, "नाकापरीस मोती जड."

हे वेड कुठून आलं, असं मी एकदा विचारलं होतं. आप्पांनी खिशातलं व्हर्निअर काढून उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्याच्या मालावर लाल शिक्का मारला बघा. चुका काढल्या, पगार घेतला. वाटलं, एक तरी माल आपला आसावा. आन् दुसऱ्यानं कुणीतरी त्याच्यावर हिरवा शिक्का मारावा."

हिरवा शिक्का कसला, तेही ठरलेलं होतं. आप्पांनी शंभर पानी वही केली होती. एका गिऱ्हाइकाला एक पान. खेळ झाला की त्यावर मत लिहून घ्यायचं: काय आवडलं, काय खटकलं, कुठं विकावा, कसा विकावा. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ, ती मात्र आप्पा स्वतः भरायचे: 'न विचारता, स्वतःहून दुसरा डाव मागितला का?' त्या ओळीपुढे पानामागून पान 'नाही' पडत होतं. शंभराव्या पानापर्यंत एकानंही दुसरा डाव मागितला नाही, तर हा पट कांद्याच्या ढिगावर झाकायला घ्यायचा, असं त्यांनी काकूंच्या समोर कबूल केलं होतं. काकूंनी कांद्याची जागासुद्धा साफ करून ठेवली होती.

अडचण खेळात नव्हती, माणसांत होती. आपल्याकडं कुणी चहा दिला, पोहे दिले, वर आपल्या हातानं केलेली वस्तू दाखवली, तर त्याच्या तोंडावर वाईट कोण बोलेल? सगळे 'छान' म्हणायचे आणि चप्पल घालायचे. आप्पांचा त्या शब्दावर भारी राग होता.

"छान म्हंजी रिजेक्शन बघा," ते म्हणायचे. "माल माघारी आला तर कळतं तरी काय मोडलं ते. छान म्हणणारं गिऱ्हाईक मालबी माघारी आणत न्हाई आन् सवताबी येत न्हाई."

म्हणून ते कारखान्यातली पद्धत वापरायचे. एखाद्या दोषाचं मूळ सापडेपर्यंत पाच वेळा 'का' विचारायचं. कारखान्यात ते चालतं. आप्पांनी ते शिरूरच्या आठवडे बाजारात मेथी विकणाऱ्या एका बाईंवर चालवलं. पट तिथंच पोत्यावर मांडला, दोन फासे टाकायला लावले आणि वही उघडली.

"न्हाई आवडला," बाई म्हणाल्या. आप्पांना केवढा आनंद झाला!

"का?"

"डोकं दुखतंय माझं."

"का?"

"सकाळपासनं पोटात काय न्हाई."

"का?"

"डबा घेतला न्हाई."

"का?"

"सासूसंगं भांडण झालं."

"का?"

बाईंनी मेथीची जुडी उचलली आणि आम्ही तिथून पळालो. वहीत मात्र नीट नोंद झाली: 'मूळ कारण: सासू. उपाय: आपल्या हातात नाही.'

अर्थात सगळेच काही छान म्हणून सुटले नाहीत. पाटसला ऊस वाहणारा एक ट्रॅक्टरवाला पंक्चर काढेपर्यंत आमच्या पायरीवर टेकला होता. त्यानं मोठं यान जागच्या जागी वळताना बघितलं आणि तो भडकलाच. "आवो आप्पा, दोन ट्रॉल्या भरून मी चौफुल्याला वळण घेतो, मला अर्धा रस्ता लागतो. हे एवढं धूड जाग्यावर कसं वळतंय?" आप्पांनी त्याचा हात हातात घेतला. त्या दिवसापासून भरलेलं यान तीन घरं लांबून वळायला लागलं आणि खेळ खरोखरच सुधारला. खालच्या खोलीतला बिहारी वेल्डर म्हणाला, "अंकल, तीन घंटा कौन खेलेगा? हमको आधा घंटा छुट्टी मिलता है." तेव्हा आप्पांनी निम्मी यानं काढून टाकून डाव अर्ध्या तासात बसवला. दोन्ही बाजू काळ्याच दिसतात, अशी कुणीतरी तक्रार केल्यावर पोळ्याला उरलेला बैलांच्या शिंगांचा रंग आणून एक आरमार गुलाबी केलं, एक पिवळं. पण तळाची ओळ? 'नाही.' 'नाही.' 'नाही.'

आणि मी? मी त्या दोन वर्षांत चाळीसेक डाव खेळलो. वहीतलं माझं पान मात्र आप्पांनी अगदी शेवटचं म्हणून राखून ठेवलं होतं. दर वेळी आप्पा हाक मारायचे, "ओ इंजिनिअर, नवा नियम केलाय," आणि मी खाली यायचो. डाव झाला की ते आशेनं माझ्याकडं बघायचे. शिफ्ट करून दमलेला असायचो, आणि म्हातारा मला आवडायचा. मी म्हणायचो, "छान झालाय, आप्पा." बरं, मला नेमकं काय खटकतंय हे माझं मलाही कळत नव्हतं. खेळ वाईट नव्हता. तरी डाव संपला की एखाद्या सभेतून सुटल्यासारखं वाटायचं.

माणसं वाईट बोलत नाहीत म्हणून आप्पांनी एक युक्ती काढली. खेळ आपण केला, हे सांगायचंच सोडून दिलं. "माझ्या मेव्हण्यानं केलाय," असं सांगायला लागले. काय चमत्कार! त्याच माणसांच्या तोंडाला पूर आला. मेव्हण्याला अक्कल नाही, मेव्हण्यानं कधी फासे पाहिलेत का, मेव्हण्याला सांगा शेती कर. आप्पा भराभरा लिहून घेत होते. पंधरा दिवसांनी न्हावऱ्याहून खराखुरा मेव्हणा मोटरसायकलवर आला, तो हेल्मेट न काढताच ओरडायला लागला. "दाजी, काल बाजारात चौघांनी इचारलं, पाव्हणं, तुमची इमानं कुठवर आली! काय लावलंय हे?" आप्पांनी शांतपणे त्याला पटापुढं बसवलं आणि खेळवलं. मेव्हणा जिंकला. त्यानंतर तो न्हावऱ्याला स्वतःच सांगत फिरायला लागला की खेळ माझाच. ती युक्ती त्यामुळं कायमची बाद झाली.

मग आप्पा जाहिरातीकडं वळले. आमच्या भागात जाहिरात म्हणजे फ्लेक्स. चौकात फ्लेक्सवर मध्ये एक मोठा फोटो असतो आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून गॉगलवाल्यांच्या पाच-पन्नास फोटोंची रांग. आप्पांनी तस्साच फ्लेक्स केला. मध्ये गुलाबी यान पिवळ्या यानावर गोळा सोडतंय, आणि खाली रांगेनं फोटो: ट्रॅक्टरवाला, वेल्डर, मेथीवाल्या बाई, मेव्हणा. फक्त 'शुभेच्छुक' या शब्दाच्या जागी मोठ्या अक्षरांत 'तक्रारदार'.

कारेगावच्या चौकात लोक थांबून थांबून वाचायला लागले. आपला फोटो फ्लेक्सवर कुणाला नको असतो? तिसऱ्या दिवसापासून पायरीवर तक्रारदारांची रांग लागली. आप्पा आगीतून फुफाट्यात पडले, कारण आता क्वचितच कुणी खेळत होतं, बाकीचे नुसत्या तक्रारी देत होते. राहूहून एक आजोबा दोन गाड्या बदलून आले आणि म्हणाले, "लिवा, खेळ मी बघितला न्हाई, पर बरा नसणार. फोटो गॉगलवाला टाका." आप्पांनी असल्या तक्रारींना वहीत पान दिलं नाही. पान फक्त खेळणाऱ्याला. तरी पानं सरत आली. अठ्ठ्याण्णव भरली. काकूंनी कांदा भरून घेतला.

त्या फ्लेक्सचा फोटो मोबाइलवरून फिरत फिरत दौंडला पोचला आणि आप्पांचा फोन वाजला. आप्पा उभे राहूनच बोलले, यावरून मी ओळखलं की पलीकडं आक्का आहेत.

आक्का ही त्यांची थोरली बहीण. रेल्वेच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढलेली. आई लवकर गेल्यावर तिनंच आप्पांना वाढवलं होतं. दहावीला आप्पा तालुक्यात पहिले आले, तेव्हा गावानं पेढे वाटले आणि आक्कानं विचारलं, "गणितात पाच मार्क कुठं सांडले?" तीन वर्षांत आप्पांनी खेळ सगळ्या जगाला दाखवला होता, पण आक्काला नाही. वाईट बोलणाऱ्या माणसाला शोधत हा माणूस सबंध तालुका फिरला, आणि वाईट बोलणारं माणूस म्हणजे सख्खी बहीण, तिच्यापासून मात्र लपत राहिला. घाबरत होते, दुसरं काय.

"म्हणाली, समद्यांची तक्रार घेतलीस, माझी न्हाई घेतलीस," फोन ठेवून ते म्हणाले. "चला इंजिनिअर. दोनच पानं ऱ्हायलीत."

रविवारी सकाळी आम्ही शिरूरहून एसटी धरली. आप्पांनी पटाची गुंडाळी मांडीवर उभी धरली होती आणि यानांचा डबा माझ्याकडं दिला होता.

आक्कांचं घर स्टेशनापासून जवळ, पुढं छोटं अंगण, जास्वंद, पेरू. आक्का बुटक्या, चष्मा दोरीनं गळ्यात. चहा दिला, पोहे दिले आणि म्हणाल्या, "मांड."

मी पिवळा, आक्का गुलाबी. आप्पा मध्ये उभे. डाव सुरू झाला आणि नेहमीसारखाच झाला. आक्कांनी यानाला हात लावला की आप्पा म्हणायचे, "तिकडं नगं, तिकडं चंद्रावर आपटंल," आणि स्वतःच उचलून इकडं ठेवायचे. मी गोळा सोडायला गेलो की, "आता न्हाई, पुढच्या फाश्याला." अर्ध्या तासात डाव संपला. आक्का जिंकल्या म्हणे. आप्पांनी नव्व्याण्णवावं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं.

"बोल आक्का. छान म्हणायचं न्हाई."

आक्कांनी चष्मा खाली सोडला. "मी खेळले व्हय रं?"

"म्हंजी?"

"माझं यान तू हलवलंस. ह्या बाळाचंबी तूच हलवलंस. आम्ही फासं टाकलं तेवढं. तू एकटा खेळलास आन् आम्ही बघत बसलो. का हलवलंस माझं यान?"

"तू चुकत व्हतीस."

"मग चुकू का दिलं न्हाईस?"

"चुकलं की हरतंय माणूस."

"मग का हरू दिलं न्हाईस?"

"हरलं की खेळ आवडायचा न्हाई त्याला. छान म्हणंल आन् उठून जाईल."

"आन् आता काय करतात?"

पाच 'का' विचारायच्या आधीच मूळ सापडलं होतं. तीस वर्षं दुसऱ्याची चूक घडायच्या आत पकडणारा माणूस, तो स्वतःच्या खेळात कुणाला चुकू कसा देणार?

आक्का माझ्याकडं वळल्या. "बाळा, तू तिथंच ऱ्हातोस ना? किती डाव खेळलास?"

"चाळीसेक."

"मग ह्याला सांगितलं न्हाईस कधी?"

"मी... छान म्हणालो."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, रागावले असते तर बरं झालं असतं. "तुमाला वाईट बोलता येतं म्हणाला व्हता," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसानं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती, आणि मी चांगुलपणाच्या नावाखाली ती चाळीस वेळा नाकारली होती.

आप्पांनी वहीत खाली मान घालून लिहिलं: 'दोष: मी.'

"लिहून झालं?" आक्का म्हणाल्या. "आता बाहेर जा. जास्वंदीला पाणी घाल. बोलावल्याबिगर यायचं न्हाई."

"आगं, पण नियम सतरा..."

"जा म्हणते ना!"

दार लागलं. बाहेर नळीचं पाणी सुरू झालं. आम्ही दोघांनी पुन्हा यानं लावली, आणि तिसऱ्याच फाश्याला मी माझं सगळ्यात मोठं यान सुसाट सोडून दिलं. ब्रेक नाही हे मला चाळीस डावांपासून माहीत होतं, पण ते आज पहिल्यांदा कळलं. यान चंद्राच्या दिशेनं निघालं. मी वळवतोय, वळवतोय, त्याला तीन घरं लागतायत, आणि चंद्र दोन घरांवर. वाटीवर बोल्ट टणकन आपटला तेव्हा आक्का इतक्या हसल्या की चष्मा पटावर पडला आणि त्यात माझं आणखी एक यान कोसळलं. "त्येबी मेलं!" त्या ओरडल्या. "न्हाई, तो चष्मा होता!" मीही ओरडलो. शेजारच्या बाई "जय भीम, आक्का" म्हणत चाळण परत द्यायला आल्या, त्या चाळण हातात घेऊन तिथंच बसल्या आणि मला सल्ले द्यायला लागल्या. सगळे सल्ले चुकीचे होते. मी सगळे ऐकले. वीस मिनिटांत माझं आरमार साफ बुडालं. इतका वाईट, इतका संपूर्ण मी आयुष्यात कधी हरलो नव्हतो.

"हे असं नाही चालणार," मी म्हणालो. "परत मांडा. आक्का, अजून एक डाव!"

बाहेर पाण्याचा आवाज बदलला. नळी कुणाच्या तरी हातातून खाली पडली होती.

"कोण म्हणालं?" खिडकीच्या गजांमागून आप्पांचा आवाज आला. "आत्ता कोण म्हणालं त्ये?"

मीच म्हणालो, हे माझं मलाही तेव्हाच कळलं.

"जास्वंद झाली आसंल तर पेरूला घाल!" आक्कांनी ठणकावलं आणि फासे माझ्या हातात दिले.

आम्ही आणखी दोन डाव खेळलो. शेवटचा मी जिंकलो. दार उघडलं तेव्हा अंगणात घोट्याएवढा चिखल होता. जास्वंद, पेरू, कुंपण, शेजारणीची सायकल, सगळं निथळत होतं, आणि मधोमध आप्पा अनवाणी उभे, पँट गुडघ्यापर्यंत वर, शंभरावं पान छातीशी धरलेलं. तळाच्या ओळीपुढं शाई फुटेस्तोवर 'होय' लिहिलं होतं, आणि त्याच्या बाजूला मेथीच्या हिरव्या पानानं घासल्यासारखा एक गोल. जास्वंदीचं पान चुरगळून त्यांनी स्वतःच्या हातानं हिरवा शिक्का केला होता. ते हसत होते आणि डोळेही पुसत होते, आणि दोन्हीचं त्यांना काही वाटत नव्हतं.

परतीच्या गाडीत पाटस सुटल्यावर आप्पांनी मला कोपरानं ढोसलं. "इंजिनिअर, आता खरं सांगा. नियमांचा कागद कसा हाय?"

"भिकार," मी म्हणालो. "सतरा पानं कुणी वाचत नाही. अर्ध्या पानात बसवा. आणि जो सगळ्यात आधी पाहिजे, तो नियमच त्यात नाही."

आप्पा नवीन लग्न झाल्यासारखे लाजले. "कुठला?"

"नियम पहिला: ज्यानं खेळ मांडला, त्यानं चहा ठेवायला जावं. बोलावल्याशिवाय येऊ नये."

त्यांनी खिशातून पेन काढलं. वही संपली होती, म्हणून त्यांनी तो नियम तळहातावर लिहून घेतला आणि शिरूर येईपर्यंत मूठ मिटली नाही.